तिसऱ्या ग्लासातला वास

‘ही तर आपली शाळेतली पाटी हो, सर,’ अण्णा म्हणाले आणि त्या उभ्या उतारावर तिथेच खाली बसले.

त्यांच्या हातात तळहाताएवढी काळसर निळी चीप होती. सबंध डोंगरच तसल्या दगडाचा होता. माती अशी दिसतच नव्हती. जिकडेतिकडे तेच पातळ पापुद्रे, पायाखाली घसरणारे, एकमेकांवर वाजणारे, आणि त्यांच्या फटींतून एकेका खुंटाला बांधून उभे केलेले द्राक्षाचे वेल. खाली मोझेल नदी मोठे वळण घेऊन पडली होती. ऑक्टोबर संपत आला होता. पाने पिवळी पडली होती, आणि दुपारचे ऊन पाण्यावरून उलटे वर येत होते; त्या दरीला दोन सूर्य असावेत आणि त्यांतला खालचा अधिक मवाळ असावा, असे वाटत होते.

अण्णांनी एक टोकदार खडा उचलून पाटीवर ओढला. पांढरी रेघ उठली. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर गिरवत लिहिले: हर्षदा.

आमच्या वरच्या ओळीत उभे असलेले त्या मळ्याचे म्हातारे मालक, वेंडेलिन श्ट्राउब, खाली वाकले. ‘काय लिहिलं त्यांनी?’

‘मुलीचं नाव,’ मी जर्मनमधून सांगितले.

अण्णांनी तळहात दगडांवर टेकवून ठेवला होता. ‘सर, त्यांना विचारा, ऊन गेल्यावर हा दगड किती वेळ गरम राहतो? म्हंजे रात्रीचा घडाला खालून शेक मिळतो ना?’

मी शब्दाला शब्द ठेवून विचारले. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. ‘हे कळायला माझ्या जावयाला चार वर्षं लागली,’ ते म्हणाले, ‘आणि मग तो कोलोनला जाऊन मोटारी विकायला लागला.’ त्यांनी हात पुढे करून ती पाटी मागून घेतली, निळ्या कोटाच्या खिशात ठेवली, आणि आम्हांला तळघराकडे चलण्याची खूण केली.

अण्णांची, म्हणजे त्र्यंबक बोरस्ते यांची, पिंपळगावच्या बाजूला पाच एकर द्राक्षबाग होती. निफाड तालुक्यातल्या चौदा बागायतदारांचा अभ्यासदौरा जर्मनीत आला होता आणि मी त्यांचा दुभाषी होतो. बाकीचे तेरा जण त्या शनिवारी जवळच्या ट्रिअर शहराच्या बाजारात घड्याळे बघत फिरत होते. अण्णा मात्र ज्या एका कामासाठी दौऱ्यात आले होते ते वेगळे होते. हर्षदा कृषी पदवीधर झाली होती आणि तिला वाइन करायला शिकायचे होते. श्ट्राउब दरवर्षी बाहेरच्या देशातला एकच शिकाऊ घरी ठेवून घेत, दोन हंगाम, राहण्याजेवणासह. त्यांना गेलेली तिन्ही पत्रे अण्णांच्या वतीने मीच लिहिली होती. शेवटच्या उत्तरात म्हाताऱ्याने कळवले होते, ‘मुलगी येऊ शकत नसेल तर वडिलांना आणा. नाक घरातून येतं.’

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पुण्यात जर्मन घेऊन एम. ए. झालो होतो, कवितांच्या दोन वह्या बॅगेत घेऊन हिंडत होतो, आणि शब्द ही एकच गोष्ट आपल्याला जगापेक्षा बरी जमते अशी माझी समजूत होती. पिंपळगावचे लोक मला ‘सर’ म्हणत. पंचावन्न वर्षांचे अण्णाही म्हणत. मला ते आवडत असे; आणि तरीही त्यांच्याबरोबर ट्रिअरच्या रस्त्यांवरून चालताना मी नेहमी दोन पावले पुढे राहत असे.

तळघर थंड होते. शिरताक्षणी अण्णा थबकले, नाक किंचित वर करून उभे राहिले. ‘डाव्या हाताला कुठंतरी सफरचंद सडलंय,’ ते म्हणाले.

मी ते भाषांतरित केले नाही. यजमानाच्या घरात पाऊल टाकताच असे काही बोलत नाहीत. पण जिन्यावरून ट्रे घेऊन उतरणाऱ्या गेर्त्रूडबाई, म्हणजे श्ट्राउब यांच्या पत्नी, डावीकडच्या फळीवरची टोपली उचलून चाळू लागल्या आणि तळातले एक काळे पडलेले फळ काढून हसत म्हणाल्या, ‘वेंडेलिन, तुला हे कळलं नाही?’ म्हाताऱ्याने ते फळ हातात घेऊन पुन्हापुन्हा हुंगले. तो ते का हुंगतो आहे हे मला कळले नाही. कळून घ्यावेसेही वाटले नाही. मी मेजावरचे पांढरेशुभ्र कापड बघत होतो आणि अण्णांच्या कोपराशी असलेली त्यांची कापडी पिशवी बघत होतो. त्या पिशवीत काय आहे ते मला ठाऊक होते.

पहिला ग्लास कोरडा होता, त्यात गोडवा अजिबात नव्हता. त्याच्याबरोबर धुरावलेला ट्राउट मासा. ‘आज शनिवार,’ अण्णांनी मासा अदबीने बाजूला सारला. मी सांगितले की पाहुणे आज मासा खात नाहीत, तेव्हा गेर्त्रूडबाईंनी कांद्याचा खमंग भाजलेला केक पुढे केला. अण्णांनी एक घोट घेतला, एक घास घेतला, पुन्हा एक घोट घेतला.

‘लिंबाची चव. पाऊस पडून गेल्यावर खडीचा वास येतो ना, तसा येतो मागनं. चांगली आहे.’

हे मी सांगितले. यात मला काही खटकण्यासारखे नव्हते, उलट त्यातली खडी मला आवडली. श्ट्राउब माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुमची जर्मन फार सुंदर आहे. माझ्या नातवंडांना अशी येत नाही.’

त्या वाक्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. आज इतक्या वर्षांनीही मला ते वाक्य स्वरासकट आठवते.

दुसरा ग्लास उशिरा खुडलेल्या, वेलीवरच अधिक पिकलेल्या घडांचा होता. सोनेरी, गोड, पण मुळाशी आंबट. अण्णांनी तो तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. मग त्यांनी वाकून पिशवीत हात घातला.

‘हिच्याबरोबर कांदा न्हाई बसत, सर. हिला तिखट पाहिजे. ठेचा पाहिजे. गोड आणि तिखट, बघा कशी लागती.’ कागदाचा आवाज झाला.

मी मेजाखालून त्यांचे मनगट धरले. ‘अण्णा, इथं नको.’

‘का हो? जरासा. त्यांनाही चाखवू.’

‘इथं तसं करत नाहीत. बरं दिसत नाही.’

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, एखाद्या नव्या गावात पाणवठा कुठला आणि चप्पल कुठे काढायची हे माहीत असलेल्या माणसाकडे पाहावे तसे. ‘बरं, तुम्ही म्हणाल तसं,’ म्हणून त्यांनी हात बाहेर काढला.

‘काय म्हणतात ते?’ श्ट्राउबनी विचारले.

‘कांद्याच्या केकची फार तारीफ करताहेत,’ मी म्हणालो.

गेर्त्रूडबाई खूश झाल्या. म्हाताऱ्याने ग्लास दिव्यापुढे धरला. ‘पुस्तकं म्हणतात, या वाइनबरोबर सफरचंदाचं पक्वान्न. मला कधी पटलं नाही. हिच्यात एवढी साखर आहे, हिला समोरून कुणीतरी जाळ दाखवायला हवा. पण आमच्या स्वयंपाकघरात जाळ नाही.’

मी मान हलवली. अण्णांना यातले काहीच सांगितले नाही. पिशवी माझ्या पायाशी होती. मी ती टाचेने हळूच मागे सारली.

तिसरी बाटली स्वतः श्ट्राउब आतल्या खोलीतून घेऊन आले. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, धूळ होती. त्यांनी बूच असे काढले की आवाज झाला नाही. गेर्त्रूडबाई उगाचच उठून कापडावरचे कण गोळा करू लागल्या. तेव्हा मला प्रथम जाणवले की आतापर्यंतचे सगळे आदरातिथ्य होते आणि हे काहीतरी वेगळे आहे.

‘त्यांना विचारा,’ म्हातारा म्हणाला, ‘कसला वास येतो. एवढंच.’

अण्णांनी ग्लास उचलला. हुंगला. खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यांच्या नाकपुड्यांजवळ एक सुरकुती उमटली; नंतर सगळा चेहरा उजळला, आणि ते हसले.

‘रॉकेल.’

‘काय?’

‘रॉकेल, सर. चिमणीत घालायचं. अहो, आमच्याकडं वीज यायच्या आधी मी चिमणीपाशी अभ्यासाला बसायचो, अगदी तोच वास. खाली मध आहे, वाळलेली जर्दाळू आहे, पण आधी रॉकेल. पक्कं रॉकेल. सांगा त्यांना.’

मला आठवते, मी त्या पांढऱ्या कापडाकडे पाहिले. वीस-बावीस वर्षे जपलेली ती बाटली, त्या वृद्ध दांपत्याचे थांबलेले हात, आणि त्यांच्यापुढे मी काय मांडणार होतो? चिमणी, काजळी, रेशनच्या दुकानापुढची डब्यांची रांग. मला वाटले, अण्णांची लाज मी वाचवायला हवी. असे मला खरोखरच वाटले. पण नीट आठवून सांगायचे तर ती लाज अण्णांना वाटत नव्हती.

‘श्री. बोरस्ते म्हणतात,’ मी सुरुवात केली, आणि ती भाषा माझ्या जिभेवर इतकी सहज आली की मी स्वतःच ती ऐकत राहिलो, ‘की यात त्यांना त्यांच्या अंगणातल्या एका फुलाचा वास येतो. ते रात्री उमलतं आणि पहाटे आपणहून जमिनीवर येतं. वेचताना बोटांना त्याचा देठ केशरी रंग देतो. त्या फुलाचा, आणि मागे थोडा मध.’

माझ्या कुठल्याही कवितेपेक्षा ते बरे होते. गेर्त्रूडबाईंनी हात छातीशी नेला. म्हाताऱ्याने मात्र आपला ग्लास हळूच मेजावर ठेवला.

‘सुंदर,’ तो म्हणाला. आवाजात काही नव्हते.

अण्णा उत्सुकतेने एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत होते. मग श्ट्राउब बोलू लागले. संथपणे, माझ्याचकडे बघून, माझ्याकडून एकही शब्द निसटू नये म्हणून तोलून.

‘मी चौऱ्याहत्तरचा आहे. गेली दोन वर्षं माझं नाक मला सोडून चाललंय. ते सफरचंद तुम्ही पाहिलंत. या तळघरात मला असं कुणीतरी हवंय जे मला, जे आहे ते सांगेल. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला ही बाटली देतो. जुन्या रीसलिंगला, आमच्या या द्राक्षाच्या वाइनला, एक वास येतो, उन्हाचा आणि वयाचा. पेट्रोलियम. आम्ही त्याला तेच म्हणतो. माझे वडील त्याच्यासाठी बाटल्या वीस वर्षं थांबवून ठेवायचे. पण यजमानाच्या घरी बसून तो शब्द उच्चारायला धैर्य लागतं. वाचलेली माणसं पीच म्हणतात. भली माणसं मध म्हणतात. फूल आजवर कुणी म्हटलं नव्हतं.’ ते थांबले. ‘तुमचे बोरस्ते सभ्य गृहस्थ आहेत. डोंगरावर मला वेगळं वाटलं होतं. पण सभ्यतेतून वाइन होत नाही. जागा एकच आहे. मी ती त्यांच्या मुलीला देऊ शकत नाही.’

माझे कान तापले. आणि त्याच क्षणी अण्णांनी माझ्या दंडाला हात लावला. त्यांचे डोळे चमकत होते.

‘पेट्रोल म्हणाले ना ते? ऐकलं मी. पेट्रोलियम का काहीतरी म्हणाले. म्हंजे त्यांनाही येतोय ना तो वास? मी म्हटलंच होतं. तुम्ही सांगितलंत ना त्यांना, माझं?’

‘काय म्हणतात?’ म्हाताऱ्याने विचारले.

दोघे माझ्याकडे बघत होते. खोटे उलटवायला एक वाक्य पुरले असते. ते कसे असले असते, हे मी पुढे कितीदा जुळवून पाहिले आहे, दोन्ही भाषांत. जर्मनमध्ये ते सात शब्दांचे होते. पण ते उच्चारल्यावर ज्याची जर्मन फार सुंदर होती तो तरुण त्या खोलीत उरला नसता.

‘हो अण्णा, सांगितलं,’ मी म्हणालो. ‘तुम्ही म्हणालात तेच सांगितलं. पण त्यांना ते लागलं. रॉकेलचा वास म्हणजे यांच्याकडं दोष समजतात. ते म्हणतात, जागा देता येणार नाही.’

चेहऱ्यावरचा उजेड एकदम जात नाही, हे मी तेव्हा पाहिले. आधी डोळे विझले. ओठांवरचे हसू मात्र, काय झाले ते न कळल्यासारखे, थोडा वेळ तसेच राहिले.

अण्णा उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली आणि त्या म्हाताऱ्यापुढे दोन्ही हात जोडले. ‘सर, त्यांना सांगा, चुकलं माझं. खेड्यातला माणूस आहे, तोंडाला आलं ते बोललो. माझ्या बोलण्यावर माझ्या पोरीला जोखू नका म्हणावं. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.’

‘ते म्हणतात,’ मी जर्मनमधून म्हणालो, ‘तुमचा वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.’

श्ट्राउबनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बाहेर पडताना मी पाहिले, ती पाटी त्यांनी तळघराच्या खिडकीत उभी करून ठेवली होती. उलटी, त्यांना ती अक्षरे कोणत्या बाजूने वाचायची ते कसे कळणार.

परतीची गाडी नदीच्या कडेकडेने जात होती. डब्यात आम्ही दोघेच. अण्णांनी पिशवी उघडली, कडक झालेली भाकरी मोडली, तिच्यावर ठेचा ठेवून अर्धी माझ्यापुढे केली. निघताना गेर्त्रूडबाईंनी दुसऱ्या, गोड वाइनची उरलेली बाटली आमच्या हातात दिली होती. अण्णांनी ती त्यांच्या स्टीलच्या पेल्यात ओतली.

‘आता इथं कोणी बघत न्हाई. घ्या.’

मी घास घेतला आणि वरून घोट घेतला. मिरचीचा जाळ जिभेवर पसरला आणि त्याच्यामागून तो गोड, थंड, आंबट घोट असा आला की दोन्हींनी एकमेकांना ओळखावे. इतकी खरी संगत मी नंतर कुठल्याही टेबलावर चाखलेली नाही.

‘बसती का न्हाई?’

‘बसते.’

ते खिडकीबाहेर पाहू लागले. पलीकडच्या उतारावर शेवटचे ऊन होते. ‘पोरीला काय सांगू, हाच विचार करतोय.’

‘जागा भरली होती म्हणून सांगा, अण्णा.’

‘छे.’ त्यांनी भाकरीचा कण बोटाने टिपून तोंडात टाकला. ‘खोटं कशाला बोलायचं? माझ्या तोंडानं गेली म्हणून सांगीन.’

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका, सर. तुम्ही चांगलंच बोलला असाल. मला कळत नव्हतं, पण ती बाई कशी ऐकत होती तुमचं.’

यानंतर नऊ वर्षांनी मला हर्षदाचा फोन आला. ती नाशिकच्या एका वायनरीत काम करून शिकली होती आणि आता वडिलांच्या बागेतच पत्र्याच्या शेडमध्ये तीन टाक्या टाकून स्वतःची वाइन करत होती. काही बाटल्या जर्मनीतल्या एका दुकानाला पाठवायच्या होत्या. बाटलीमागच्या चिठ्ठीवरची माहिती जर्मनमध्ये हवी होती. ‘अण्णा म्हणाले, सरांनाच विचार,’ ती म्हणाली. मी नकार देऊ शकलो असतो.

शेडमध्ये अण्णा खुर्चीवर बसले होते. थकले होते, पण मला बघून उठले. हर्षदाने दुसऱ्या टाकीतून तीन ग्लास भरले. ‘ही उद्या बाटलीत भरायची आहे, सर. सगळे पैसे हिच्यातच गेलेत. मला रोज हुंगून हुंगून आता काही कळेनासं झालंय.’ तिने एक ग्लास वडिलांच्या हातात दिला. ‘अण्णा, खरं सांगायचं. कसला वास येतो?’

मी माझा ग्लास नाकाशी नेला. मला नाक नाही, ते कधीच नव्हते. तरीही मला कळले. सडक्या अंड्याचा वास होता, पुसट, पण होता. वेळीच हाती लागला तर दुरुस्त करता येतो, बाटलीत गेला की मग येत नाही, एवढे मी त्या चौदा जणांची भाषांतरे करताकरता शिकलो होतो.

अण्णांनी ग्लास हुंगला. त्यांच्या नाकपुडीजवळ ती सुरकुती उमटली, तीच, तिथेच. मग त्यांनी ती चेहऱ्यावरून अशी पुसली, जशी कुणी पाटी पुसावी.

‘फुलांसारखा येतोय,’ ते म्हणाले. आणि अदबीने माझ्याकडे वळले. ‘बरोबर ना, सर?’

हर्षदाही माझ्याकडे पाहत होती. तिच्या हातात वही होती.

‘नाही, अण्णा,’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ‘बरोबर नाही. तुम्हांला खरोखर कसला वास आला ते सांगा.’

ते गोंधळले. ग्लासाकडे पाहिले, लेकीकडे पाहिले. आपल्या हातून पुन्हा काही चुकले की काय, अशी भीती त्यांच्या चेहऱ्यावर उमटली. मग त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवला.

‘तुम्ही सांगाल तो, सर,’ अण्णा म्हणाले.